पन्नास फुटांची लाईन

मुंबईत राहणाऱ्या माणसाच्या रविवाराचे दोन भाग असतात : मेगाब्लॉकच्या आधीचा आणि मेगाब्लॉकनंतरचा. मधले चार-पाच तास तो फलाटावर उभा राहून घड्याळाकडे पाहतो आणि मनातल्या मनात जे काही म्हणतो ते छापण्याजोगे नसते. ‘हे लोक रुळांवर करतात तरी काय?’ हा प्रश्न दादरच्या पुलावरून मीही कितीदा तरी विचारला आहे. त्याचे उत्तर मला २०२४च्या दिवाळीत मिळाले. मात्र ते दादरला नव्हे, मिरजेला मिळाले. आणि तेही एका घराच्या माडीवर, आठ फूट लांब आणि चार फूट रुंद अशा लाकडी फळीसमोर बसून.

कॉलेजला सुट्टी लागली होती. आमच्या घरी दिवाळीच्या साफसफाईची यादी तयार झाली होती आणि पंख्यांची पाती व माळ्यावरची जळमटे ही दोन कलमे माझ्या नावावर पडली होती. त्याच संध्याकाळी मिरजेहून मामींचा फोन आला.

“अरे, हे लाईन बंद करायची म्हणतात. दिवाळी झाली की सुताराला बोलावून फळी मोडायची म्हणे. दोन दिवस जेवणावर लक्ष नाही त्यांचं. तू एकदा येऊन जा.”

सौ.ला मी हे सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “जा. पण स्वतःच्या घरातली जळमटं सोडून दुसऱ्याच्या घरचे रूळ पुसायला निघालेला पहिला माणूस तू.” तिचे म्हणणे अगदी खरे होते. शनिवारी रात्री मी महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये चढलो.

माझे मामा म्हणजे रेल्वेतले निवृत्त पी.डब्ल्यू.आय. रुळांची, स्लीपरांची, खडीची काळजी वाहणारा हा अधिकारी. आता त्या हुद्द्याचे नाव बदलले आहे, पण मिरजेत अजून जुनी माणसे मामांना ‘पी.डब्ल्यू.आय. साहेब’च म्हणतात. त्यांची सगळी उमेद मिरज-पंढरपूरच्या छोट्या लाईनीवर गेली. बार्शी लाईट रेल्वेची ही लाईन १९२७ साली मिरजेला पोचली. दोन रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. १९७१ साली पुण्याकडून मोठी लाईन आली आणि मग बरीच वर्षे मिरज जंक्शनात मोठी, मीटर आणि छोटी अशा तिन्ही मापांच्या गाड्या नांदत होत्या. सासू, सून आणि नात एकाच घरात असाव्यात तशा! आज सगळीकडे मोठी लाईन झाली आहे. मामा २००० साली निवृत्त झाले. त्यांची लाईन त्यांच्यानंतर काही वर्षांनी गेली. पण घरातली लाईन त्यांनी चालू ठेवली होती.

ही घरातली लाईन १९८६ सालची. विलायतेहून परतलेल्या एका स्नेह्याने ‘हॉर्नबी’च्या खेळण्यातल्या आगगाडीची पेटी मामांना दिली. खेळणे म्हणायचे, पण मामांनी ते कधी खेळणे मानले नाही. फळी केली, तिच्यावर दोन वेढे टाकले, एक लूप, दोन साईडिंगे, पाच सांधे. सगळे रूळ सरळ करून एकापुढे एक ठेवले तर पन्नास फूट भरतील. या रुळांचे माप साडेसोळा मिलिमीटर. आपल्या मोठ्या लाईनीचे माप १,६७६ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ शंभरपट. मामा म्हणायचे, “मोठी लाईन सरकारची, शंभरावा हिस्सा माझा.”

रविवारी पहाटे मिरजेला उतरलो. हवेत गारवा होता. मिरजेच्या फलाटावर उतरले की मला नेहमी वाटते, या गावाचे सारे वैभव ताणलेल्या तारांवर उभे आहे. एकीकडे रूळ आणि दुसरीकडे सतार-तंबोरे. अब्दुल करीम खाँसाहेब याच मातीत विसावले आहेत. इथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. रिक्षा सतारमेकर गल्लीवरून गेली तेव्हा दुकाने बंद होती. एका ओट्यावर मात्र सोललेले दोन भोपळे वाळत पडले होते.

ब्राह्मणपुरीतल्या घरी पोचलो. मामा ओसरीवरच्या आरामखुर्चीत बसले होते. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस. आवाज खणखणीत, पण उजवा हात मांडीवर एकसारखा हलत होता. कंपवात. दीड वर्षापूर्वी सुरू झाला होता.

“ये. गाडी वेळेवर?” त्यांनी विचारले. मामांचा कुशलप्रश्न हाच.

“वीस मिनिटं लेट.”

“कुठं थांबली?” मला सांगता आले नाही. त्यांनी निराशेने मान हलवली.

चहा घेऊन माडीवर गेलो. फळीवर मामींची जुनी नऊवारी पांघरलेली होती. ती बाजूला केली आणि मन खट्टू झाले. लहानपणी या रुळांकडे पाहिले की डोळे दिपत. आता ते काळपट, मातकट झाले होते. स्टेशनच्या पुठ्ठ्याच्या छपरावर धूळ, सिग्नलला कोळ्याचे जाळे. मी इंजिन रुळावर ठेवून बटण फिरवले. ते एकदा थरथरले, वीतभर गेले आणि थांबले. बोटाने ढकलले, पुन्हा वीतभर.

“त्याला ढकलू नको,” मामा मागून म्हणाले. काठी टेकत ते जिना चढून आले होते. “त्याचा दोष नाही.”

आणि मग त्यांनी मला जे सांगितले ते मी मराठीच्या वर्गात कधी शिकवू शकणार नाही. पण ऐकताना वाटले, एखाद्या जिवंत व्यवहाराचे व्याकरण असे असते. मोठ्या गाडीला रूळ हा फक्त रस्ता असतो. छोट्या गाडीला रूळ हा रस्ताही असतो आणि अन्नही. एका रुळातून वीज येते, चाकातून मोटारीत शिरते आणि दुसऱ्या रुळातून परत जाते. सारा दाब बारा व्होल्टचा. इंजिनाचे वजन पाव किलोच्या आसपास. शंभर टनांहून जड इंजिन वाटेतली धूळ चिरडत जाते. या पाव किलोला तेवढा जोर कुठला? रुळावर नखाने खरवडूनही दिसणार नाही असा मळाचा पापुद्रा आला, तरी तेवढा पडदा त्याची उपासमार करायला पुरतो.

“मळ येतो कुठून?” मी विचारले.

“तुझ्या घरात येतो तिथूनच,” मामा म्हणाले. “धूळ, स्वयंपाकघरातली तेलकट वाफ, हाताचा घाम. वर इंजिनाला घातलेलं जास्तीचं तेल. डब्यांची प्लास्टिकची चाकं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे ठिणगी. मळ असला की चाकाखाली ठिणगी पडते, ठिणगीनं काजळी धरते, काजळीनं आणखी ठिणग्या. भांडणासारखंच की ते. पहिलं पुसलं नाही तर वाढतच जातं.”

“पण पूर्वी तर एवढा मळ नसायचा.”

“पूर्वी गाडी रोज धावायची. धावत्या चाकानं रूळ स्वच्छ राहतो. मोठ्या लाईनीवरही तेच. साईडिंगचा रूळ बघ, तांबडा. मेनलाईनचा बघ, आरसा. आणि तिथंही हे दिसण्यापुरतं नसतं हो. मोठ्या रुळांतूनही सिग्नलसाठी बारीक वीज सोडलेली असते. गाडी आली की तिच्या चाकांतून ती वीज एका रुळातून दुसऱ्या रुळात जाते आणि केबिनला कळतं की लाईनीवर गाडी उभी आहे. रूळ फार गंजला तर गाडी उभी असून न कळण्याची भीती. तेव्हा तुमच्या मेगाब्लॉकला शिव्या देताना जरा बेतानं.”

मी मुकाट्याने बाह्या वर केल्या.

कामाला सुरुवात झाली. मामा खुर्चीत, हातात काठी, मी गँगमन. आधी मऊ कुंचल्याने धूळ झाडली. मग घरच्या झाडूयंत्राच्या तोंडाला मलमलीचा तुकडा बांधून उरलेली ओढून घेतली. मलमल अशासाठी की, एखादा सुटा दिवा किंवा फलाटावरचा हमाल यंत्राच्या पोटात जाऊ नये. त्यानंतर मामांच्या जुन्या धोतराचा तुकडा लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून दवाखान्यातल्या स्पिरिटमध्ये ओला केला. खिडक्या उघड्या, वीज बंद, देवघरातले निरांजन विझल्याची खात्री करून घेतलेली. कारण स्पिरिट पेट घेते. रुळाच्या माथ्यावरून ठोकळा एका दिशेने ओढायचा, दर हातभर अंतरावर कापडाची जागा बदलायची. पहिल्याच हाताला कापडावर दोन काळ्या रेघा उमटल्या. डोळ्यांतले काजळ पुसावे तशा. मला धन्य वाटले. मामांना वाटले नाही. “कापड पांढरं राहीपर्यंत,” ते म्हणाले. ते पाचव्या फेरीला पांढरे राहिले.

मग चाके. रूळ लख्ख केला आणि गाडी मळक्या चाकांनी वर सोडली, तर तासाभरात होते तसे. यासाठी मामांची युक्ती अशी : स्पिरिटमध्ये भिजवलेली कापडाची पट्टी रुळांवर आडवी टाकायची. इंजिनाची मागची चाके कोरड्या रुळावर ठेवायची, म्हणजे त्यांना वीज मिळते, पुढची कापडावर. बटण फिरवले की इंजिन जागच्या जागी धावते आणि कापडावर आपले पाय पुसते. नंतर उलटे. पायपुसण्यावर चप्पल घासणाऱ्या पाहुण्यासारखे ते दिसले. एका डब्याच्या आसाला गुंडाळलेला लांब पांढरा केस मी चिमट्याने काढला. मामी खालून आल्या होत्या, त्या म्हणाल्या, “माझाच असेल. साडी माझी, तर केस कुणाचा!”

दुपारी जेवताना मी मामांना पुण्याच्या जोशींच्या संग्रहालयाची गोष्ट सांगितली. कोथरूडमध्ये भाऊ जोशींनी उभारलेले छोट्या रेल्वेचे हे संग्रहालय १९९८ साली लोकांसाठी खुले झाले. गेल्या मे महिन्यात मुलीला घेऊन मी ते पाहून आलो होतो. एक सबंध नगरच तिथे वसवलेले आहे. गाड्या धावतात, सिग्नल पडतात, दिवे लागतात, पोरे तोंडात बोट घालून पाहतात. मग हॅम्बुर्गचीही गोष्ट सांगितली. तिथे २००१ साली सुरू झालेल्या प्रदर्शनात हजारावर गाड्या आहेत आणि पंधरा किलोमीटरहून अधिक लांबीचे रूळ आहेत. मामांनी घास हातात धरून थोडा विचार केला.

“पंधरा किलोमीटर!” ते म्हणाले. “पुसायला माणसं किती ठेवली असतील रे?”

दुपारी मामा पडले. माडीवरच्या कपाटात नवे कापड शोधताना मला काळ्या पुठ्ठ्याची एक वही सापडली. १९८६ पासूनची नोंदवही. मामांनी मोठ्या लाईनीची शिस्त इथेही पाळली होती : तारीख, तपासलेला भाग, आढळलेला दोष, केलेली दुरुस्ती. ‘सांधा नं. २, पातीत खडीचा कण. काढला.’ ‘फिशप्लेट ढिली. आवळली.’ ‘पावसाने फळी फुगली. साईडिंग बंद.’ मी चाळत चाळत १९९०च्या दिवाळीपर्यंत आलो आणि तिथे थांबलो.

‘वळण नं. ३, आतला रूळ. भाच्याने पॉलिशपेपर लावला. हेतू चांगला. खोल ओरखडे. गाडी सावकाश.’

मला ती दिवाळी लख्ख आठवत होती. मी बारा वर्षांचा होतो. मामा ड्यूटीवर गेलेले पाहून मी सुताराच्या पिशवीतला पॉलिशपेपर घेतला आणि ते वळण घासघासून चांदीसारखे केले होते. मामा आले, वाकून पाहिले आणि म्हणाले, “छान चकचकीत झाला की!” आयुष्यातल्या माझ्या थोड्या हस्तकौशल्यात मी त्या कामाची गणना करत आलो होतो, माझ्या मुलीलाही ते अभिमानाने सांगितले होते. पॉलिशपेपर रुळावर चर पाडतो, त्या चरांत मळ मुरतो आणि कापडाला तो निघत नाही, हे मला चौतीस वर्षांनी कळत होते. त्या वळणावर आगकाडीच्या टोकाला लावलेली एक पिवळी पाटी असते. ती मी शोभेची समजत होतो. ती वेगमर्यादेची पाटी होती. वहीत त्यापुढे दर सहा महिन्यांनी तीच ओळ होती : ‘वळण नं. ३, गाडी सावकाश.’ कारण मात्र पुन्हा कधी लिहिलेले नव्हते.

मामा उठून वर आले तेव्हा वही माझ्या मांडीवर उघडी होती. त्यांनी ती पाहिली आणि ओशाळल्यासारखे झाले. चूक त्यांचीच असावी तसे.

“ती कशाला काढलीस?”

“मामा, तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?”

“बारा वर्षांचं पोर दिवसभर रूळ घासत बसलं. त्याला काय बोलायचं? आणि रूळ मोडला नव्हता. सावकाश गेलं की जातं.”

“बदलता आला असता ना?”

“एवढ्यासाठी कुणी रूळ टाकून देतं होय?” ते म्हणाले. विषय संपला.

माझ्यापुरता संपला नव्हता. सोमवारी सकाळी मी बाजारात गेलो आणि पाण्यात घासायचे अगदी बारीक कागद, चढत्या नंबरांचे, घेऊन आलो. शिवाय एक गुळगुळीत पोलादी वॉशर. ओरखड्याला ओरखड्यानेच घालवायचे, पण दर वेळी आधीच्याहून बारीक ओरखड्याने. आणि शेवटी वॉशरची कड दाबून रुळाच्या माथ्याला घोटायचे. फूटभर वळणाला मला अडीच तास लागले. पाठ धरली, बोटांची साले निघाली. मामा काही बोलले नाहीत. एकदाच काठीने दाखवले, “तिथं राहिलंय.” राहिले होते.

दुपारी सांधे घेतले. हलती पाती आणि स्थिर रूळ यांच्या फटीत कुंचला फिरवला. जिथे फिशप्लेटी ढिल्या होत्या तिथे रूळ सरकवून घट्ट केल्या. दूरच्या टोकाला वीज कमी पोचत होती, तिथे फळीखालून दोन नव्या वायरी डाख देऊन रुळांना जोडल्या. इंजिनाच्या आसाला मामींच्या शिवणयंत्राचे तेल. तेही सुईच्या टोकावर राहील तेवढेच. चार वाजता मी म्हणालो, “झालं. आता डबे तुम्ही ठेवा.”

मामा उठले. डबा त्यांनी उजव्या हातात घेतला, डाव्याने उजवा धरला. आठ चिमुकली चाके, प्रत्येकाची कड रुळाच्या आत बसायला हवी. चार बसली की चार निसटत. तीनदा प्रयत्न केला. मग डबा शांतपणे खाली ठेवून ते खिडकीकडे गेले. तेव्हा मला कळले की लाईन मळली म्हणून बंद होणार नव्हती. पुसायला कुणीही पुसले असते. पण आपल्या हाताने एक डबा रुळावर चढत नाही, हे त्या माणसाला रोज पाहायचे नव्हते.

मामी दाराशीच उभ्या होत्या. त्या काही न बोलता खाली गेल्या आणि हॉर्नबीची जुनी पेटी घेऊन आल्या. तळाशी, कागदात गुंडाळलेली प्लास्टिकची एक उतरण होती, खोबणी पाडलेली. ती रुळांवर ठेवायची, तिच्यावर डबा कसाही सोडायचा. तो घसरत जातो आणि चाके आपोआप रुळांत बसतात.

“अडतीस वर्षं पडून आहे,” मामी म्हणाल्या. “हे म्हणायचे, पोरांसाठी असते ती.”

मामा खिडकीतून वळले. उतरणीकडे बराच वेळ पाहत राहिले. मी म्हणालो, “मामा, मोठ्या लाईनीवर डबा घसरला तर तुम्ही काय करत होता?”

“रॅम्प लावून चढवत होतो,” ते नाइलाजाने म्हणाले.

“मग?”

त्यांनी डबा उचलला. हात हलत होता. हलत असतानाच त्यांनी तो उतरणीवर सोडला. टक्, टक्, टक् करत चाके रुळांत बसली. दुसरा डबा. तिसरा. मामी पदराने डोळे पुसत खाली गेल्या. वसुबारसेची पणती लावायची राहिली होती.

खरी परीक्षा अंधारात असते. दिवा मालवला की मळक्या जागी चाकाखाली निळसर ठिणगी दिसते. जिथे ठिणगी तिथे काम राहिलेले. अंधार पडला. गावात लोक पहिल्या फुलबाज्या लावत होते आणि आम्ही दोघे माडीवर दिवा मालवून, एकही ठिणगी दिसू नये म्हणून जीव मुठीत धरून बसलो होतो. मामांनी डाव्या हाताने बटण फिरवले. गाडी निघाली. लूप गेला, सांधे गेले. वळण नंबर तीन आले. मी श्वास रोखला.

काही नाही. नुसता चाकांचा आवाज.

पण गाडी तिथे मंदावली होती. मामांनीच बटण मागे घेतले होते. दुसऱ्या फेरीलाही घेतले.

“मामा, आता कशाला? रूळ चांगला झालाय.”

“पाटी अजून आहे ना तिथं,” ते म्हणाले. “पाटी उतरल्याशिवाय ड्रायव्हरला वेग वाढवता येत नाही. नियम आहे.”

मी हात पुढे करून पाटी काढली. तिसऱ्या फेरीला गाडी वळणावरून सरळ निघून गेली. दूर मिरज जंक्शनात एका खऱ्या इंजिनाने भोंगा दिला.

रात्रीच्या गाडीने मला निघायचे होते. सुताराचे नाव कुणी काढले नाही. मामांनी काळी वही माझ्यापुढे सरकवली; त्यांना आता लिहिता येत नाही. “लिही,” ते म्हणाले. मी तारीख घातली, भाग लिहिला : संपूर्ण लाईन. दोष लिहिले, दुरुस्ती लिहिली. ‘पुढील तपासणी’ असा रकाना होता. मी विचारायच्या आत मामा म्हणाले, “होळीला सुट्टी असते ना कॉलेजला?” मी होळी लिहिली. शेवटचा रकाना ‘शेरा’. मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे मी तिथे ‘रूळ आरशासारखे चकचकीत’ असे लिहायला घेतले.

“खोड ते,” मामा म्हणाले. “आरसा-बिरसा नको. ‘ठीक’ लिही.”

मी ‘ठीक’ लिहिले.